उपकारस्मरणाची भाषा

वर्ष सरत आलें म्हणजे प्रत्येक शाळेंत एक लहानसा प्रसंग घडतो. शेवटची परीक्षा झालेली असते, वह्या संपलेल्या असतात, आणि मुलें एकदां अखेरचीं रांगेनें उभीं राहतात. वर्षभर ज्यांनीं शिकविलें, ज्यांनीं घंटा दिली, पाणी भरलें, अंगण झाडलें, त्या सर्वांचे आभार मानून मग तीं पांगतात. कॅथोलिक पंथाच्या शाळांत या प्रसंगास विशेष मान आहे. कारण त्या पंथाच्या उपासनेचा गाभाच उपकारस्मरण हा आहे. त्यांच्या मुख्य विधीचें ‘युखारिस्त’ हें जें मूळ ग्रीक नांव, त्याचा अर्थच आभार मानणें असा आहे. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळीं ‘ते देऊम’ हें प्राचीन लॅटिन स्तोत्र म्हणून सरत्या वर्षाबद्दल ईश्वराचे उपकार आठवावयाचे, ही त्या पंथाची जुनी चाल आहे. इंग्रजी वर्ष डिसेंबरांत संपतें, शाळेचें उन्हाळ्याच्या तोंडीं संपतें. पण दोहोंच्या अखेरीस भाव एकच असतो.

परंतु आभार मानतांना मूल कोणत्या भाषेंत बोलतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. परक्या भाषेंतील पाठ केलेलें वाक्य मूल निर्दोष म्हणून दाखवितें, पालक टाळ्या वाजवितात, आणि समारंभ पार पडतो. त्या वाक्याचा अर्थ मुलाच्या अंतःकरणांत उतरला कीं नाहीं, हें मात्र त्या टाळ्यांवरून कळत नाहीं. गोव्यापासून वसईपर्यंतच्या आणि पुढें मराठवाड्यापर्यंतच्या कॅथोलिक शाळांचा इतिहास पाहूं गेल्यास तो बहुतांशीं याच एका प्रश्नाभोंवतीं फिरत आलेला दिसतो.

हा प्रश्न औशाच्या लोकांस परका वाटण्याचें कारण नाहीं. लातूर जिल्ह्यांतील हें किल्ल्याचें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्यांत मराठी मुलाचे प्राथमिक वर्ग संपले कीं पुढील विद्या बहुधा उर्दूंतून घ्यावी लागे. १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. उर्दू ही थोर आणि गोड भाषा खरी. पण औशाकडील बहुतेक मुलांच्या आया ज्या भाषेंत ओव्या म्हणत, ती ही नव्हे. म्हणूनच त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली, आणि पुढें स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखा पुरुष तेथें शिकवावयास आला. राज्याची भाषा एक आणि घरची दुसरी असली म्हणजे मुलाची जीभ कशी अडखळते, हें या भागानें असें अनुभविलें आहे. तोच अनुभव गोव्यांतील ख्रिस्ती मुलानें त्यापूर्वीं अडीचशें वर्षें घेतला होता. फरक इतकाच कीं तेथें राज्य त्याच्याच धर्माच्या लोकांचें होतें.

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यांत चर्चच्या शेजारीं शाळा भरूं लागल्या. तेथें मुलांस अक्षरें, प्रार्थना, धर्मपाठ आणि गायन शिकविलें जाई. या शाळांचा आरंभ सर्वस्वीं निर्मळ होता असें कोणीही प्रामाणिकपणें म्हणणार नाहीं. राज्यकर्त्यांच्या बळानें देवळें पाडलीं गेलीं, धर्मांतरें झालीं, आणि १५६० सालीं धर्मन्यायालयाची भयंकर संस्थाही गोव्यांत आली. हें सर्व खरें आहे, आणि तें विसरून पुढील गोष्ट सांगतां येणार नाहीं. पण त्याच काळांत, त्याच चर्चच्या सावलींत, एका परदेशी शिक्षकानें मराठी भाषेपुढें जें मस्तक लवविलें, तेंही तितकेंच खरें आहे.

त्याचें नांव फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत सुमारें १५४९ सालीं त्याचा जन्म झाला. राणी एलिझाबेथच्या अमदानींत कॅथोलिकांस आपला धर्म उघडपणें पाळणें कठीण झालें होतें. हा तरुण देश सोडून रोमला गेला, येशूसंघांत दाखल झाला, आणि १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास येऊन पोंचला. पुढील चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, तो बहुतेक काळ साष्टी प्रांतांत राहिला. ज्याला स्वतःच्या देशांत आपली प्रार्थना मोकळ्या मनानें म्हणतां आली नाहीं, त्यानें दुसऱ्यांच्या देशांत येऊन त्यांची भाषा विद्यार्थ्यासारखी शिकावी, यांत एक प्रकारची संगति आहे. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें या देशांतील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांशीं जुळते, असें नमूद करून ठेविलें. युरोपांतील पंडितांस ही गोष्ट पटावयास पुढें दोनशें वर्षें लागलीं.

त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्यांत जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथाच्या आरंभीं त्यानें जो प्रसंग घातला आहे तो शाळेचाच आहे. साष्टींत मुलांस धर्मपाठ सांगितला जात असतां नवख्रिस्ती समाजांतील एक ब्राह्मण पुढें येतो आणि गुरूस विचारतो, त्याचा आशय असा: आमचीं जुनीं पुराणें तर तुम्हीं बंद केलीं, मग त्यांच्या जागीं वाचावयास तसेंच कांहीं आम्हांस कां देत नाहीं? या प्रश्नांत तक्रार आहे आणि भूकही आहे. घोकावयाच्या चार प्रार्थनांनीं माणसाचें मन भरत नाहीं. त्याला आपल्या भाषेंतील कथा पाहिजे, आपल्या कानास ओळखीची लय पाहिजे. स्टीफन्सनें हा प्रश्न उद्धटपणाचा मानला नाहीं. त्यानें त्याचें उत्तर लिहावयास घेतलें, आणि तें उत्तर म्हणजेच तें पुराण.

त्याकरितां त्यानें जो छंद निवडला तो ओवीचा. मराठवाड्याच्या वाचकास येथें सहज आठवण होईल कीं, अंबेजोगाईचे दासोपंत गीतेवर प्रचंड ओवीबद्ध टीका लिहून १६१५ सालीं निवर्तले, आणि पैठणच्या एकनाथांस जाऊन तेव्हां फार वर्षें झालीं नव्हतीं. गोदावरीच्या खोऱ्यांत जी ओवी भागवतधर्म सांगत होती, तीच ओवी त्याच पिढींत मांडवी-जुवारीच्या कांठीं येशूचें चरित्र सांगूं लागली. घरांत कोकणी बोलणाऱ्या त्या लोकांची ग्रंथभाषा मराठी होती. ओवी कोणाचीही मक्तेदारी नव्हती; जो तिच्यापुढें नम्र झाला त्याला ती पावली. स्टीफन्सची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. या देशाच्या लिपींत पुस्तकें छापावीं, असें त्याच्या फार मनांत होतें, आणि १६०८ सालीं त्यानें रोमला आपल्या वरिष्ठांस तसें लिहिलेंही होतें. पण खिळे मिळाले नाहींत, आणि मराठीची ती थोर कृति रोमन अक्षरांत छापावी लागली.

गोव्याच्या चर्चमधून हें पुराण वाचलें गेलें, गाइलें गेलें. १६४९ आणि १६५४ सालीं तें पुन्हां छापावें लागलें. देवाचे उपकार आपल्या भाषेंत आठवावयास लोकांस किती आवडतें, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे? पण राज्यसत्तेस ही गोष्ट फार दिवस रुचली नाहीं. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर यानें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, आणि धर्मगुरूंनीं व शाळामास्तरांनीं मुलांस पोर्तुगीजमधूनच शिकवावें. नुकतीच संभाजीमहाराजांची स्वारी गोव्यावर होऊन गेली होती. प्रजेची भाषा शत्रूच्या भाषेशीं मिळती असल्यास प्रजा विश्वासाची राहत नाहीं, हें भित्र्या राज्यकर्त्यांचें जुनें तर्कशास्त्र आहे.

या हुकुमाचें फळ काय झालें? तीन वर्षांत कोणी भाषा सोडली नाहीं. तीनशें वर्षांतही सोडली नाहीं. आया आपल्या मुलांशीं कोकणींतच बोलत राहिल्या. परंतु शाळेचें मात्र नुकसान झालें. जी शाळा घराचा विस्तार होऊं शकली असती, ती घराच्या विरुद्ध उभी राहिली. मुलाला शाळेंत शिरतांना आपली जीभ दाराबाहेर ठेवावी लागली. प्रार्थना पाठ झाल्या, पण त्यांचा अर्थ समजून म्हणणारे थोडेच राहिले. १८१२ सालीं तर गोव्याच्या आर्चबिशपांनींच मुलांनीं शाळेंत कोकणी बोलूं नये असें फर्माविलें. चर्चनें ज्या भाषेंत पुराण गाइलें होतें, तिच्याच सखीस चर्चच्या शाळेंतून बाहेर काढलें. धर्म राज्याच्या आश्रयास गेला म्हणजे त्याला राज्याची भीतीही उसनी घ्यावी लागते, हेंच यांतून दिसतें.

या वाटेवरून परत फिरावें, असें सांगणारा पहिला मोठा अधिकारी पोर्तुगीजच निघाला, ही आनंदाची गोष्ट आहे. जुआकीं एलिओदोरु द कुन्य रिव्हार हा विद्वान १८५५ सालीं गोव्यांत सरकारचा सरचिटणीस म्हणून आला. दुसऱ्याच वर्षीं नव्या गोव्यांत शिक्षकांची शाळा उघडली, त्या प्रसंगीं त्यानें भावी मास्तरांस सांगितलें कीं, मुलांस त्यांच्या मातृभाषेंतून शिकविल्यावांचून गत्यंतर नाहीं. पुढें १८५७ सालीं त्यानें स्टीफन्सचें कोकणी व्याकरण पुन्हां छापून काढलें. दोनशें वर्षांपूर्वीं विझविलेला दिवा त्यानें पुन्हां लावण्याचा प्रयत्न केला. तेल मात्र फारसें कोणी घातलें नाहीं.

हा वाद गोवामुक्तीनंतरही संपला नाहीं. १९९० सालीं शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असतां, सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांसच मिळेल, असें धोरण ठरलें. तेव्हां गोव्याच्या धर्मप्रांतानें आपल्या प्राथमिक शाळांचें माध्यम इंग्रजीऐवजीं कोकणी केलें. वीस वर्षें त्या वर्गांतून कोकणी निनादली. २०११ सालीं सरकारनें इंग्रजी प्राथमिक शाळांसही अनुदानाची वाट मोकळी केली, आणि पालकांच्या ओढीनें त्या शाळा पुन्हां इंग्रजीकडे वळल्या. या वेळीं कोणा व्हाइसरॉयचा हुकूम नव्हता. जें काम १६८४ च्या दंडुक्यानें झालें नव्हतें, तें पोटाच्या चिंतेनें झालें. पालकांस दोष देणें सोपें आहे. त्यांच्यापुढें नोकरीचा प्रश्न उभा असतो, आणि आपल्या मुलानें मागें पडूं नये असें कोणत्या आईबापास वाटत नाहीं? परंतु चारशें वर्षांत प्रश्न तोच राहिला, इतकें येथें लक्षांत ठेवावयास हवें.

आतां उत्तरेकडे वसईस वळलें म्हणजे या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. वसईही १५३४ पासून पोर्तुगीजांच्या हातीं होती. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. जिंकणाऱ्यांनीं शरण आलेल्यांस सन्मानानें जाऊं दिलें, आणि मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्मानें चालण्याची व ठराविक चर्च राखण्याची मोकळीक तहांत मान्य केली. येथपासून वसईच्या कॅथोलिकांचा राज्यकर्त्यांच्या धर्माशीं आणि भाषेशीं संबंध तुटला. पोर्तुगीज पाद्री गेले, वैभव गेलें. राहिली ती श्रद्धा, शेती, आणि शेजाऱ्यांशीं सामाईक असलेली मराठी बोली. वरून पाहतां ही मोठी हानि होती. पण राजाश्रय गेला म्हणूनच त्या समाजाची मुळें मातींत खोल गेलीं, असें आज म्हणतां येतें. सामवेदी, वाडवळ अशा मराठीच्याच बोली त्यांच्या घरांत राहिल्या, आणि त्यांच्या गांवांत चर्चच्या आधारानें ज्या शाळा उभ्या राहिल्या त्यांतील अनेकांचें माध्यम मराठी राहिलें. मुंबई व साष्टी बेटांवरील त्यांच्याच भाईबंदांनीं मात्र १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें आणि शिक्षणांत इंग्रजीची वाट धरली. एकाच कुळांतील दोन भावांनीं दोन शाळा निवडल्या, असेंच म्हणावें.

वसईच्या मुलासही एक अडचण होती. शाळा मराठी असली तरी चर्चमधील मिस्सा लॅटिनमध्यें होई. म्हणजे गुरुजींचे आभार मराठींत आणि देवाचे लॅटिनमध्यें! ही विसंगति रोममध्येंच दूर झाली. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींची घटना संमत केली, आणि लोकांच्या भाषेंत उपासना करण्याचा मार्ग मोकळा झाला. स्टीफन्सनें १६१६ सालीं ज्या दिशेस पाऊल टाकलें होतें, तेथें त्याचा पंथ साडेतीनशें वर्षांनीं अधिकृतपणें पोंचला.

मराठवाड्यांत कॅथोलिक मिशनचें काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादकडील घोगरगांवच्या बाजूस सुरू झालें, आणि १९७७ सालीं औरंगाबादचें स्वतंत्र धर्मप्रांत झालें. येथील समाज संख्येनें लहान आहे. देशांत बहुतेक ठिकाणीं कॅथोलिक शाळेच्या बाकांवर बसणारीं मुलें बहुसंख्येनें इतर धर्मांचीं असतात. त्यामुळें वर्षअखेरच्या आभारप्रार्थनेस हात जोडून उभें राहणारें मूल हिंदु असतें, मुसलमान असतें, बौद्ध असतें, लिंगायत असतें. त्या सर्वांस मान्य होईल असें मूल्य कोणतें? धर्मपाठ प्रत्येकाचा निराळा. पण उपकार विसरूं नये, ही शिकवण प्रत्येकाच्या घरीं आधींच दिलेली असते. शाळा ती नव्यानें देत नाहीं. फक्त एकत्र म्हणावयास लावते.

औसा तालुक्यानें तर हें मूल्य फार कठोर रीतीनें शिकलें आहे. १९९३ सालीं गणेशविसर्जनाची रात्र सरत असतां, ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, याच तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि दगडमातीच्या घरांखालीं हजारों माणसें झोपेंतच गेलीं. त्यानंतर देशाच्या सर्व भागांतून माणसें धांवलीं. सरकार आलें, सैन्य आलें. देवळांचीं, गुरुद्वारांचीं, मशिदींचीं, चर्चचीं सेवापथकें आलीं. भारतीय जैन संघटनेनें सुमारें बाराशें मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं. भाकरी देणाऱ्यास त्या वेळीं कोणी धर्म विचारला नाहीं, आणि घेणाऱ्यासही कोणी विचारला नाहीं. आभार मानावयास शब्द सुचत नव्हते. जे सुचले ते मायबोलीचेच होते.

या सर्व गोष्टींचा शेवट उस्मानाबादेस व्हावा, हा योगही विचार करण्यासारखा आहे. १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा होईपर्यंत औसा याच उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. आतां त्या शहराचें नांव धाराशिव झालें आहे. १० ते १२ जानेवारी २०२० या दिवशीं तेथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९३ वें अधिवेशन भरलें. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या नंदाखाल गांवांत १९४२ सालीं त्यांचा जन्म झाला, ‘सुवार्ता’ मासिकाचें संपादन त्यांनीं अनेक वर्षें केलें, आणि ‘सुबोध बायबल’ या ग्रंथासाठीं त्यांस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. धर्मगुरूनें या आसनावर बसावें काय, अशी हरकत कांहींनीं घेतली, उद्घाटक ना. धों. महानोर यांनींही येऊं नये असा आग्रह धरण्यांत आला. महानोर आले. पाठीच्या विकारानें व्याकूळ झालेले फादर दिब्रिटोही आले, आणि मराठवाड्याच्या श्रोत्यांनीं त्यांचें मराठी ऐकून घेतलें. २५ जुलै २०२४ रोजीं ते निवर्तले.

साष्टींतील त्या ब्राह्मणानें चारशें वर्षांपूर्वीं पाद्रीस विचारलें होतें कीं आमच्या भाषेंत आम्हांस कांहीं कां देत नाहीं. त्या प्रश्नाचें एक उत्तर स्टीफन्सनें दिलें, दुसरें वसईच्या मराठी शाळांनीं दिलें. शाळेनें मुलाला त्याची भाषा दिली, आणि त्यानें त्या भाषेचे उपकार आयुष्यभर फेडले. जी शाळा मुलाची जीभ दाराबाहेर ठेवावयास लावते, तिला वर्षाअखेरीस पाठ केलेली वाक्यें मिळतील. कृतज्ञता मिळेलच असें नाहीं. इंग्रजी शिकावी, चांगली शिकावी. जगाचें दार ती उघडते. पण ज्या दिवशीं मूल घंटा देणाऱ्या शिपायापुढें हात जोडून उभें राहतें, त्या दिवशीं तरी त्याला आईनें शिकविलेल्या शब्दांत बोलूं द्यावें.